सोळा आठवडे लिहिलेली कुपी

एकतीस वर्षं मी पिवळा रंग मोजतोय. सांगलीतल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. गाव आष्टा, आडनाव अत्तार. घरातला अत्तराचा धंदा आजोबांपर्यंतच होता. माझ्या नाकाला रक्त, लघवी आणि पित्त यांचे वास मिळाले. दोन वर्षांनी निवृत्त होईन. साखर, युरिया, क्रिएटिनिन सगळंच मोजलं, पण जीव रमला तो बिलिरुबिनमध्ये. कावीळ झाली की डोळ्यांत उतरतो तो पिवळेपणा म्हणजे बिलिरुबिन.

आमच्या भागात कावीळ मोजण्याआधी उतरवतात. हाताला चुन्याची निवळी चोळतात, पाणी पिवळं होतं आणि माणूस समाधानानं घरी जातो. एकदा जतकडचे एक गृहस्थ ते पिवळं पाणी बाटलीत भरून माझ्या खिडकीशी आले.

‘भाई, ह्यात किती हाय बघा.’

‘काय किती?’

‘कावीळ. माझ्या अंगातनं काढलीया. किती निघाली आन किती ऱ्हायली ते कळाय नको व्हय?’

मोजून घ्यायला आलेला माणूस मला आवडतो. मी पाणी तपासलं. शून्य. मग त्यांचं रक्त तपासलं. नऊ पॉइंट चार, जिथं एकाच्या आत असायला हवं. दोन्ही आकडे एकाखाली एक लिहून दिले. त्यांनी कागद लांब धरून वाचला आणि म्हणाले, ‘मशिन बिघडलंय तुमचं.’ तिसऱ्या दिवशी भरती झाले. बरे होऊन घरी जाताना खिडकीशी येऊन सांगून गेले, ‘मशिन बरं हाय.’

हे बिलिरुबिन म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, कारण पुढची हकिगत त्याच्यावरच उभी आहे. मुका मार लागला की कातडी आधी काळीनिळी, मग हिरवट, मग पिवळी होते. रक्तातल्या लाल रंगाच्या मुळाशी एक कडं असतं, बांगडीसारखं. लाल पेशी जुनी झाली की शरीर ही बांगडी एका जागी फोडतं. फुटलेली बांगडी आधी हिरवी दिसते, मग पिवळी. ती फुटू शकते चार जागी, आणि त्या जागांना नावं आहेत अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा. तुमच्या-माझ्या पित्तातलं पिवळं जवळजवळ सगळं अल्फा जागी फुटलेलं. ते पाण्यात विरघळत नाही. यकृत त्याला साखरेचा एक रेणू जोडतं, मग दुसरा, तेव्हा कुठे ते पित्तात उतरतं.

पोटातल्या बाळाची रीत वेगळी. त्याचं अल्फा नाळेच्या मुळाशी असलेल्या वारेतून आईच्या रक्तात जातं आणि आईचं यकृत ते निस्तरतं. साखर जोडली तर ते वार ओलांडू शकणार नाही, म्हणून बाळाच्या यकृताला हे काम लवकर येतच नाही. सोळा-सतरा आठवड्यांच्या गर्भाच्या पित्तात एकटं बीटा सापडतं, कारण बीटाला साखर लागत नाही. विसाव्या आठवड्याच्या सुमाराला पहिल्यांदा अल्फा दिसू लागतं, एक साखर जोडलेलं. दोन साखरांचं बऱ्याच उशिरा, तिसाव्या आठवड्याच्या आसपास. जन्माच्या वेळीही हे काम कच्चंच असतं. म्हणून चांगली गुटगुटीत बाळं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पिवळी पडतात. नऊ महिने आई जे काम करत होती ते एकदम अंगावर आलेलं असतं.

हे मला शिकवलं इनामदार मॅडमनी. त्या आमच्या जीवरसायनशास्त्राच्या प्रमुख होत्या. बाहेरच्या देशांत हे सगळं आधीच पाहिलं गेलं होतं, पण मॅडमना ते आपल्या हातानं, आपल्या भागातल्या नमुन्यांवर करून बघायचं होतं. ज्यांचा गर्भ पडला किंवा मूल पोटातच गेलं, त्यातल्या ज्या घरांनी संमती दिली त्यांच्याकडून नमुना यायचा. एवढ्या लहान पित्ताशयातलं पित्त ते केवढं, सुईच्या टोकाला लागेल तेवढं. कुपीवर नाव नसायचं, क्रमांक आणि आठवडे एवढंच. मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, ‘अत्तार, ही कुपी हातात घेताना कुणाच्या तरी घरातून आलीय हे विसरायचं नाही.’

कामाची खोली म्हणजे जिन्याखालची अडगळ. बिलिरुबिन उजेडात विरतं, म्हणून खिडकीला काळं कापड आणि आत लाल दिवा. काचेच्या पट्टीवर पांढऱ्या भुकटीचा पातळ थर द्यायचा, खाली पित्ताचा ठिपका ठेवायचा आणि पट्टी काचेच्या टाकीत द्रावणात उभी करायची. द्रावण वर चढताना प्रत्येक रंगाला आपापल्या उंचीपर्यंत घेऊन जातं. तासाभरानं पट्टीवर पिवळ्या रेघा दिसायच्या. क्लोरोफॉर्मच्या वासानं डोकं जड व्हायचं, पाठीला रग लागायची, आणि तरी ती वाट बघण्यात जी मजा होती ती आजच्या यंत्रात नाही. आता नळी आत सारली की आकडा छापून बाहेर येतो. बरोबरच येतो, माझी तक्रार नाही. पण त्या लाल उजेडात, दोघंही श्वास रोखून उभे असताना, मॅडम हळूच म्हणायच्या, ‘आलं बघा बीटा,’ आणि आम्ही कुणाला तरी ओळखल्यासारखे खूश व्हायचो.

ही गोष्ट बावीस वर्षांपूर्वीची. एका मंगळवारी प्रसूती विभागातून नमुना आणायला मी गेलो. व्हरांड्यातल्या बाकावर नऊवारीतली एक बाई कागद हातात धरून बसली होती. नाव सगुणाबाई, आष्ट्याच्या पलीकडच्या एका गावची, ऊसवाली मंडळी. आत तिची सून सुरेखा होती, तिचा गर्भ आदल्या दिवशी पडला होता. मुलगा संपत फौजेत. हे सगळं मला नंतर कळलं. त्या क्षणी फक्त कागद धरलेली बाई दिसली.

‘भाई, तुमी हितलंच न्हवं?’

‘होय मावशी.’

‘सोळा आठवडं म्हंजी किती वो?’

मी तोंडी हिशेबात पक्का. ‘एकशे बारा दिवस. पावणेचार महिने.’

तिथंच थांबलो असतो तर बरं. पण अर्धवट उत्तर देणं माझ्या स्वभावात नाही. मी म्हणालो, ‘पण मावशी, डॉक्टर लोक पाळीच्या तारखेपासून धरतात. गर्भ राहतो त्यानंतर चौदा दिवसांनी. म्हणजे मूल खरं चौदाच आठवड्यांचं.’

‘त्येचं किती दीस?’

‘चौदा सत्ते अठ्ठ्याण्णव.’

‘अठ्ठ्याण्णव. नक्की?’

‘नक्की.’

ती अंगठा बोटांवर फिरवत काहीतरी मोजू लागली. मला वाटलं, माझा गुणाकार ताडून बघतेय. बायका हिशेबाला किती चोख असतात, असा कौतुकाचा विचारही मनात आला. कुपी घेऊन मी जिन्याखाली गेलो.

त्या कुपीवर सोळा आठवडे लिहिलं होतं. म्हणजे पट्टीवर एकच रेघ यायला हवी होती, बीटाची. आली. पण तिच्याशिवाय दुसरी एक, फिकट, एका साखरेच्या अल्फाच्या उंचीवर. मी पट्टी दोनदा पाहिली. मग सरळ गृहीत धरलं की चूक माझी. तुलनेसाठी मोठ्या माणसाचं पित्त त्याच मांडणीत ठेवलेलं असायचं. त्याची नळी चुकून या कुपीत बुडवली असणार. मॅडमना सांगायची लाज वाटली. नव्या नळ्या काढल्या, द्रावण नवीन केलं, आणि चार दिवसांनी पट्टी परत लावली. पुन्हा तेच. तिसरी लावली नवव्या दिवशी, कुपीत होतं नव्हतं ते संपवून. पुन्हा तेच.

तेव्हा एक गोष्ट लक्षात आली, जी पहिल्याच दिवशी यायला हवी होती. मोठ्या माणसाचं पित्त मिसळलं असतं तर दोन साखरांची रेघ सगळ्यात ठळक दिसली असती. ती तिन्ही पट्ट्यांवर नव्हती. एकच साखर जोडायला शिकलेलं यकृत होतं ते. पट्टी बरोबर होती. मी बरोबर होतो. कुपीवरचा आकडा चुकीचा होता.

मॅडम पट्टी बघून म्हणाल्या, ‘विसाच्या खालचं वाटत नाही हे. नऊ दिवस का थांबलात?’

‘खात्री करत होतो.’

‘वॉर्डमध्ये जाऊन कागद बघा आधी.’

वॉर्डच्या सिस्टर कामात होत्या. क्रमांक सांगितल्यावर हात थांबवून म्हणाल्या, ‘ती सुरेखा का? तिला सासूनं माहेरी नेऊन टाकली, जत तालुक्यात. लई बोलली तिला. मूल पडलं तेव्हा मुलगा फौजेत परत जाऊन एकशे अठ्ठावीस दिवस झाले होते म्हणे, आणि मूल निघालं अठ्ठ्याण्णव दिवसांचं. मधल्या महिन्याचा हिशेब दे म्हणाली. तो पोरगा पुढच्या आठवड्यात रजेवर येतोय. त्याच्या कानावर घालून मग काय ते ठरवणार.’

‘अठ्ठ्याण्णव तिला कुणी सांगितलं?’ मी विचारलं, उत्तर माहीत असून.

‘लॅबवाल्या भाईनं, म्हणत होती.’

त्या टेबलापाशी मी किती वेळ उभा होतो ते सांगता येणार नाही. मोजायचं सुचलं नाही. सिस्टरनी कागद काढून दिले. वॉर्डात नव्यानं रुजू झालेल्या डॉक्टरांनी गर्भाचं वजन पाहून वय लिहिलं होतं. दीडशे ग्रॅम, म्हणून सोळा. पण तपासणीच्या मागच्या पानावर, दुसऱ्या अक्षरात, पावलाची लांबी होती. एकतीस मिलिमीटर. सोळाव्या आठवड्यात पाऊल वीस-बावीसच्या पुढे नसतं. वार खराब होती, मुलाला पोषण मिळालं नव्हतं. वजन मागं राहिलं, पाऊल आपल्या वेळेनं वाढत राहिलं. आणि यकृतानंही आपली वेळ पाळली होती. पान उलटायला पाच सेकंद लागले असते. ते कुणी उलटलं नव्हतं. मीसुद्धा नाही, मी तर जे लिहिलंय ते कुराणासारखं मानून वर त्याचा गुणाकार करून दिला होता.

मॅडमनी प्रसूती विभागाच्या प्रमुखांना गाठलं. त्यांनी कागद पाहिले, नव्या डॉक्टरांना आत बोलावून दार लावलं, आणि सहीशिक्क्याचं पत्र दिलं. वीस ते एकवीस आठवडे, वाढ खुंटलेली. पोस्टानं पाठवू, असं कुणीतरी म्हणालं.

मी म्हणालो, ‘आकडा मी तोंडानं दिलाय. तोंडानंच परत घ्यायला पाहिजे.’

‘मी येते,’ मॅडम म्हणाल्या. ‘एकट्या पुरुषानं असल्या कामाला जाऊ नये.’

रविवारी सकाळच्या एसटीनं निघालो. पट्टी नेण्यात अर्थ नव्हता, उजेडात ती पुसली जाते. तिचं रेखाटन मी फूटपट्टीनं करून घेतलं होतं. मॅडम खिडकीशी बसून उसाकडे बघत होत्या. आष्टा आलं, गेलं. माझं घर स्टँडपासून हाकेवर, पण उतरावंसं वाटलं नाही.

सगुणाबाई अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. मला ओळखलं. मॅडमना खुर्ची दिली, मला पाणी दिलं. मी पत्र काढून वाचून दाखवलं, आणि ते चौदा दिवस वजा करून मुलाचे दिवस सांगितले, एकशे सव्वीस ते एकशे तेहतीस. ऐकून घेतलं त्यांनी, शेंगा थांबल्या नाहीत.

‘तवा अठ्ठ्याण्णव म्हणलासा. आता सव्वाशेच्या वर म्हणताय. उद्या आनि कायतरी म्हणशीला.’

‘गुणाकार बरोबर होता, मावशी. ज्या आकड्याला गुणलं तो चुकीचा होता. तो मी तपासला नाही.’

‘का न्हाई तपासला?’

‘लिहिलेला होता म्हणून.’

‘मग आता ह्योबी लिवल्यालाच हाय की,’ पत्राकडे बोट करून त्या म्हणाल्या.

मॅडम खुर्ची सोडून त्यांच्याशेजारी पोत्यावर बसल्या. रेखाटन मांडीवर पसरलं. ‘हे बघा, मावशी. ही खालची रेघ लहान गर्भात असते. ही वरची, पाच महिने होत आल्याशिवाय येत नाही. मूल कितीही बारीक असो, जाड असो. वजनाला कमी पडलं तुमचं नातवंड. पण आतलं काम त्याच्या वयाप्रमाणं सुरू झालं होतं. पावलाची लांबीही तेच सांगते.’

सगुणाबाई कागदाकडे बघत राहिल्या. हातातली शेंग तशीच होती.

‘म्हंजी खुरटल्याला ऊस,’ त्या म्हणाल्या.

‘कसा?’

‘पान्याला चुकला की उंची धरत न्हाई. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटतंय, मागनं लावलाय. सरीत उतरून कांडी मोजली की कळतंय कवाची लागण ती.’

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. गर्भाची वाढ आणि गर्भाचं वय यातला फरक आम्ही विद्यार्थ्यांना फळ्यावर आलेख काढून शिकवत होतो. इतका सोपा करून कधी सांगता आला नव्हता.

सगुणाबाईंनी हातातली शेंग फोडली. मग म्हणाल्या, ‘संपतला मी आजून काय बोलले न्हाई.’

‘बरं केलंत,’ मॅडम म्हणाल्या.

‘त्याला न्हाई. तिला बोलले की वो. जतच्या स्टँडवर, चार मानसांत. तिचा बा उभा हुता.’ मग माझ्याकडे वळून, आवाज न चढवता, ‘तुमी तवा न्हाई म्हाईत म्हणला आसता तर काय बिघडत हुतं, भाई?’

सगळ्या नोकरीत मला एवढा सरळ प्रश्न कुणी विचारलेला नाही. माहीत नाही, हे दोन शब्द आमच्या धंद्यात फार जड जातात. लोक खिडकीशी आकड्यासाठीच येतात, आणि आकडा दिला की आपण काहीतरी दिलं असं वाटतं. त्या आकड्याच्या आधी ‘अंदाजे’ होतं का, तो कुणी कशावरून काढला, हे सांगायचं राहून जातं. मी ते तेव्हापासून सांगतो. लोकांना ते आवडत नाही.

सगुणाबाईंनी शेंगांची पाटी आत ठेवली, दुसरं लुगडं नेसून आल्या, दाराला कडी घातली. पत्र घडी करून कमरेच्या पिशवीत खोचलं. आम्ही तिघं स्टँडवर आलो. आमची सांगलीची गाडी आधी लागली. त्या जतच्या बाजूला जाणाऱ्या गाडीची चौकशी करत उभ्या होत्या, पाठ आमच्याकडे करून.

पुढं काय झालं ते मला सहा आठवडे कळलं नाही. जिन्याखालच्या खोलीत मी आणि मॅडम काम करत होतो, पण त्या विषयावर बोलत नव्हतो. मॅडमचं ते काम पुढं अपुरंच राहिलं. त्यांची बदली झाली, खोलीत संगणकांची खोकी आली. आता मॅडमही नाहीत. त्यांच्याइतक्या नितळ मनाचं माणूस मला या इमारतीत पुन्हा भेटलं नाही.

सहा आठवड्यांनी रक्ताच्या खिडकीशी दोघी आल्या, सासू मागं, सून पुढं. हिमोग्लोबिन बघायचं होतं. सुरेखाला मी तेव्हाच पहिल्यांदा नीट पाहिलं. बावीस-तेवीस वर्षांची, हडकलेली, डोक्यावर पदर. सगुणाबाई म्हणाल्या, ‘रजा संपवून गेला त्यो. हिला हितं दाखवाय आणलीया,’ आणि चहा आणायला गेल्या. मुद्दाम गेल्या असाव्यात.

मी रक्त घेतलं. कापूस दाबून धरायला सांगितलं. मग म्हणालो, ‘ताई, माझ्यामुळं तुम्हाला फार सोसावं लागलं.’

ती कापसाकडे बघत होती. ‘त्येचं काळीज काम कराय लागलं हुतं, म्हणल्या आत्याबाई.’

‘यकृत. हो. नुकतंच लागलं होतं.’

‘आन किती दिसांचं हुतं म्हणला तुमी?’

‘अंदाजे एकशे सव्वीस ते एकशे तेहतीस.’

‘एकशे एकतीस,’ ती म्हणाली. ‘यात्रेच्या दिसापास्नं मी मोजत हुते. यात्रा झाल्यावर तिसऱ्या दिशी हे गेले. रोज सकाळी एक वाढवायची. मला कुनी इचारलंच न्हाई.’

व्हरांड्यातून सगुणाबाई चहाचे कप सांभाळत येत होत्या. मी कपाटातून नमुन्यांची वही काढली आणि तो क्रमांक शोधला. सोळावर मी आधीच काट मारली होती. शेजारी वीस ते एकवीस लिहिलं होतं. त्याच्या पुढं, तिच्यासमोर, एकशे एकतीस दिवस असं लिहायला घेतलं. आकडा वाकडा आला.

ती खिडकीतून वाकून बघत होती. ‘नीट लिवा,’ ती म्हणाली.